असीच्या अलीकडे

चातुर्मासात आमच्या घरात काहीही मारायचं नाही, असा अण्णांचा, माझ्या वडिलांचा, नेम होता. डाससुद्धा हाताने वारायचा. शिवाय ते चार महिने अण्णा जमिनीवर झोपत, एका चटईवर, मच्छरदाणीशिवाय. मी काशीतल्या एका मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि घरी आल्यावर प्राण्यांपुढे हात टेकत होते.

१९९४ च्या पावसाळ्यात गंगा लवकर चढली. भोसले घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि घाटाच्या दगडांच्या फटींत जे काही राहत होतं, ते वर गल्लीत सरकलं. आमच्या दोन खोल्या गल्लीच्या तोंडाशीच, तळमजल्यावर होत्या. आधी मुंगळे आले, कारण अण्णा रोज सकाळी उंबऱ्याशी त्यांच्यासाठी साखर घातलेलं पीठ ठेवत. मग झुरळं आली. झुरळांसाठी पाली आल्या, पिठासाठी उंदीर आले, मोरीतून बेडूक आले. मी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, डब्यांची तोंडं फडक्यांनी बांधली. झुरळं पेल्याखाली धरायची, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन सोडायची, हा माझा संध्याकाळचा उद्योग झाला.

वरच्या मजल्यावर रत्नाकर राहत असे. नागपूरचा, बँकेत नोकरी, बदलीवर आलेला. तो जिन्यातून ओरडायचा, "इंदूताई, झुरळांना फिरायला नेता होय? तुम्ही दारापर्यंत पोचायच्या आत ती परत येऊन बसतात. काही तर माझ्याकडे वर येतात."

"मग तू काय करतोस त्यांचं?"

"मी नेमात नाही, ताई. माझी चप्पल आहे."

अण्णा आतून म्हणायचे, "रत्नाकर, ऐकू येतंय मला."

"ऐकू येण्यासाठीच बोलतोय, शास्त्रीबुवा."

मी वर्गात फळ्यावर अन्नसाखळी काढत असे. नावं आणि त्यांना जोडणारे बाण. घरात तीच साखळी डोळ्यांदेखत लांबत होती आणि तिच्या टोकाला काय येतं ते मला माहीत होतं. मी अण्णांना सांगितलं, "पीठ ठेवणं बंद करा. पिठाला उंदीर येतात, उंदरांमागे साप येईल. निदान खाटेवर तरी झोपा."

अण्णांनी दाराकडे बोट केलं. दारावर नागपंचमीला चिकटवलेलं नागाचं छापील चित्र होतं. गल्लीत पोरं विकतात ते. "परवाच तर बोलावलंस त्याला," ते म्हणाले. "आला तर आला."

ते थट्टा करत होते. पण नेमाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे, आणि त्यांचा खरा नेम तर चातुर्मासाचा नव्हताच. आई गेली त्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही. मरण यायचं ते इथेच. उत्तरेला वरुणा नदी, दक्षिणेला असी. संकल्पाच्या वेळी त्यांच्या हातावर पाणी मीच घातलं होतं. त्यानंतर माझ्या थोरल्या बहिणीचं, स्वरदाचं, पुण्याला लग्न झालं. ते गेले नाहीत. मी युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. केलं. युनिव्हर्सिटी असीच्या पलीकडे. मला पदक मिळालं त्या दिवशी अण्णा असीच्या अलीकडे एका चहाच्या दुकानापाशी उभे राहिले होते, मी परत येईपर्यंत. पदक त्यांनी तिथेच, रस्त्यावर, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं होतं.

ती सकाळ सोमवारची होती. आमचा श्रावण नुकताच लागला होता, गल्लीचा उत्तरेकडचा श्रावण पंधरवडाभर आधीच सुरू झाला होता, त्यामुळे गल्लीतून पहाटेपासून कावडवाल्यांची वर्दळ होती. अण्णा उठले, चटई गुंडाळून त्यांनी कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाले, "इंदू, करंगळीला मुंगळा डसला बहुतेक. जरा चुना दे."

मी बोट पाहिलं. सूज नव्हती, लाली नव्हती, दुखतही नव्हतं. एक बारीक टोचल्यासारखी खूण होती. मी चुना लावला आणि पाणी भरायला गेले. नळ जाण्याआधी भरायचं असतं.

परत आले तेव्हा अण्णा संध्येला बसले होते आणि आचमन करत होते. केशवाय नमः म्हणून त्यांनी पळीभर पाणी तोंडात घेतलं. ते ओठाच्या कडेने खाली आलं. त्यांनी हात पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पाणी हनुवटीवरून ओघळलं. ते स्वतःवरच चिडले होते. आपलं काहीतरी चुकतंय, उष्टं होतंय, असं त्यांना वाटत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली तेव्हा मी घागर खाली ठेवली.

"अण्णा, गिळता येत नाही का?"

"घसा धरलाय. पोटातही कळ आहे. कालचा साबुदाणा..."

"वर बघा माझ्याकडे."

त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

"डोळे उघडा, अण्णा."

"उघडेच आहेत की."

मला जे कळलं ते मी दर वर्षी मुलींना लिहून घ्यायला सांगत असे. मण्याराचा दंश: वेदना नाही, सूज नाही. पोटात कळ, पापण्या पडणे, गिळता न येणे, मग श्वासाचे स्नायू. रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारायला लावत असे.

मी रत्नाकरला हाक मारली. कशी मारली कोण जाणे, तो दात घासता घासता, हातात दांडा घेऊनच खाली आला. मी कोपऱ्यातली चटई दोन बोटांनी आडवी पाडली. ती अर्धी उलगडली आणि आतून एक काळा, चकचकीत साप निघाला, अंगावर जोडीजोडीने पांढरे बारीक पट्टे. घाई नव्हती त्याला. भिंतीच्या कडेने तो मोरीकडे निघाला.

रत्नाकरने दांडा उचलला.

"नको," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नाकातून येऊ लागला होता. "नेम आहे."

"नेम तुमचा आहे, शास्त्रीबुवा! माझा नाही!"

"घर माझं आहे."

साप मोरीच्या भोकातून बाहेर गेला. रत्नाकर दांडा धरून तसाच उभा होता, त्याच्या ओठांवर पेस्टचा फेस होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मी अण्णांचा हात फळीला बांधला आणि त्याला म्हटलं, "खाट. आणि माणसं."

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. सायकल येते, गाय येते. घाटावर पूर आला की नावा बंद, म्हणून विष्णु मल्लाह आणि त्याचे भाऊ रिकामेच बसलेले होते. रत्नाकर त्यांना घेऊन आला. चौघांनी अण्णांना खाटेवर घातलं आणि खाट खांद्यांवर घेतली. मी डोक्याशी चालत होते.

आमच्या गल्लीला मणिकर्णिकेचा स्मशानघाट जवळ. तिथे चौघांच्या खांद्यावर आडवा माणूस दिसला की लोकांना विचारावं लागत नाही. कावडवाल्यांच्या गर्दीने भिंतीला टेकून वाट दिली आणि कुणीतरी हात जोडून म्हटलं, "राम नाम सत्य है." मग पुढच्याने म्हटलं. मग सगळी गल्लीच म्हणू लागली.

"जिंदा हैं!" विष्णु ओरडला. "अरे हटो, जिंदा हैं बाबा!"

एका दुकानदाराने ओट्यावरून विचारलं, "उल्टा किधर ले जा रहे हो? मसान तो पीछे है."

मी अण्णांच्या कानांवर हात ठेवले. त्यांच्या पापण्या आता पूर्ण मिटल्या होत्या. पण मिटलेल्या पापण्यांखालीही ते सगळं ऐकत होते, हे मला माहीत होतं. त्यांच्या तोंडातून लाळ येत होती, ती मी पदराने पुसत होते, आणि गल्ली संपत नव्हती.

रस्त्यालगतच्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही त्यांना नेलं. डॉक्टर तरुण होता, हुशार होता. मी मण्याराचं इंग्रजी नाव सांगितलं, "क्रेट. मैंने देखा है." त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता सीरमच्या कुप्या फोडायला घेतल्या. सीरम शिरेतून जायला लागलं तेव्हा मला वाटलं, वेळेत आलो. मग मी अण्णांच्या छातीकडे पाहिलं. ती हलत होती, पण एखाद्या झोपलेल्या मुलाची हलावी इतकीच. बोलणं बंद झालं होतं. हात उचलत नव्हता.

डॉक्टरने मला बाजूला घेतलं. सीरम जे विष अजून चिकटलेलं नाही त्याला धरेल. जे चिकटलं आहे ते सुटायला दिवस लागतील. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागेल. "मशीन हमारे पास नहीं है, दीदी. युनिव्हर्सिटी ले जाइए. अभी. मैं ट्यूब डालकर बैग दे देता हूँ, रास्ते भर दबाना पड़ेगा."

"असीच्या या बाजूला कुठे मशीन आहे?" मी विचारलं. मराठीत विचारलं हे नंतर लक्षात आलं. रत्नाकरने ते हिंदीत विचारलं. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली.

"ताई, चला," रत्नाकर म्हणाला.

"थांब."

"थांबायचं काय त्यात? पंचक्रोशीत येतं ते हॉस्पिटल. पंचक्रोशी म्हणजे काशीच. दहा पंडित सांगतील तुम्हाला."

"संकल्पात असीचं नाव होतं. पंचक्रोशीचं नव्हतं."

"अहो, पण कोण ऐकत होतं?"

"मी."

त्याला वाटलं असेल, ही बाई वडिलांना मारायला निघाली आहे. मला मात्र दोन्ही बाजू स्पष्ट दिसत होत्या. इथे ठेवलं तर ते तासाभरात जातील, त्यांनी मागितलेल्या जागी, आणि श्वास कोंडत असताना पूर्ण शुद्धीवर असतील. तिकडे नेलं तर कदाचित जगतील. आणि तिकडे नेऊनही गेले तर ज्या एका मरणासाठी त्यांनी बाकी सगळं सोडलं होतं, तेही मी घालवलेलं असेल. जीवही नाही आणि काशीही नाही.

मी त्यांच्या पायांशी गेले. अशा रोग्यांमध्ये पायाच्या अंगठ्याची हालचाल बरीच उशिरापर्यंत राहते, असं वाचलेलं होतं. मी उजवा अंगठा हातात धरला आणि मोठ्याने, वर्गात बोलते तसं, म्हटलं, "अण्णा, मी इंदू. श्वासाचं यंत्र असीपलीकडे आहे. नेऊ का? नेऊ म्हणत असाल तर अंगठा हलवा."

अंगठा हलला नाही.

मी वाट पाहिली. रत्नाकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आणि मग मला माझी चूक दिसली. मी प्रश्नच असा घातला होता की हलणं म्हणजे हो आणि न हलणं म्हणजे नाही. पण ज्याला हलवताच येत नाही, त्याचंही उत्तर 'नाही' असंच दिसणार. विद्यार्थिनीने असा प्रयोग मांडला असता तर मी वही परत केली असती. मी पुन्हा अंगठा धरला. "अण्णा, आता उलटं. न्यायचं नसेल तर हलवा. नको असेल तर हलवा."

अंगठा हलला नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याचंही नाही. म्हणजे उत्तरच नव्हतं. ते माझ्यासमोर होते, आत जागे होते, ऐकत होते, आणि त्यांचं मत मला कळायचा शेवटचा रस्ता मी अंगठा धरून उभी असतानाच बंद झाला होता. कदाचित पहिला प्रश्न जरा लवकर विचारला असता तर. कदाचित चुना लावून पाणी भरायला गेले नसते तर.

"दीदी," डॉक्टर म्हणाला. अण्णांच्या ओठांचा रंग बदलला होता.

"घाला ट्यूब," मी म्हटलं.

एक टेम्पो मिळाला. मागच्या भागात गादी टाकून अण्णांना ठेवलं, मी त्यांच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि रबराची पिशवी दाबू लागले. दाबली की छाती वर येत होती, सोडली की खाली जात होती. मी माझा श्वास त्या लयीत लावला, म्हणजे चुकणार नाही. सोनारपुऱ्याला रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. टेम्पो मध्येच बंद पडला, विष्णु आणि त्याचे भाऊ उतरून ढकलू लागले. भगव्या कपड्यांतली काही कावडवाली पोरं आपणहून मदतीला आली. "बोल बम!" म्हणत त्यांनी गाडी पाण्याबाहेर काढली. मला हात जोडता आले नाहीत. माझे दोन्ही हात पिशवीवर होते.

रत्नाकर समोर बसला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, त्यांना कळणार नाही. डोळे मिटलेत. पूल आला तरी काही बोलू नका. बरे झाले की सांगू, अलीकडेच होतात म्हणून. मी शपथेवर सांगेन."

"ते ऐकतायत, रत्नाकर."

त्याने दचकून अण्णांकडे पाहिलं.

असी म्हणजे एरवी एक नाला. वर पूल आहे हेही माहीत नसलेल्याला कळत नाही. लोक नाक दाबून पलीकडे जातात. त्या दिवशी मात्र गंगेचं पाणी उलटं आत शिरलं होतं. रुंद, पिवळं, सावकाश हलणारं पाणी दोन्ही बाजूंना पसरलं होतं, आणि जिला मी जन्मभर गटार म्हणून पाहिलं ती असी खरोखरच नदीसारखी दिसत होती. अलीकडे ते चहाचं दुकान होतं. त्याच्या फळ्या पाण्यात होत्या.

मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "अण्णा, असी आली."

मी पिशवी दाबली. सोडली.

"तुम्हाला न सांगता नेत नाही. मी नेतेय. मला उत्तर नाही मिळालं, म्हणून मीच ठरवलं."

दाबली. सोडली. मला फक्त हात थांबवायचा होता. पुलाच्या अलीकडे ते काशीत गेले असते. हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, पूर्ण आला, आणि हात चालूच राहिले. चाकांखाली पुलाचा सांधा लागला, गाडी एकदा उसळली. अण्णांच्या मिटलेल्या पापण्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. या विषात डोळे कोरडे होऊन पाणी येतं, तसं ते असू शकेल. मी पुसलं.

त्यानंतरचे दिवस मी एका यंत्राच्या आवाजात काढले. त्या आवाजाने अण्णांची छाती वर-खाली होत होती. रोज सकाळी मी पायांशी जाऊन अंगठा धरत असे. काही विचारत नसे. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वरदाचा फोन आला, ती म्हणाली, "तू केलंस ते बरोबर केलंस." मी म्हटलं, "तू इथे नव्हतीस." मग मी फोन ठेवला, आणि फोनच्या दुकानातला माणूस माझ्याकडे बघत राहिला. रत्नाकर घरून कपडे आणायचा. घरातली बातमीही सांगायचा, मला हसवायला: "उंबऱ्याशी पीठ मीच ठेवतोय. मुंगळे रांग लावून उभे होते, रेशनसारखे. काय करणार?"

एका सकाळी अंगठा माझ्या तळहातात हलला. मग बोटं. मग पापण्या. मग एक दिवस नळी काढली.

अण्णांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. त्यांनी आधी खोलीभर नजर फिरवली. "युनिव्हर्सिटी," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"विचारलं होतंस तू."

"दोनदा विचारलं. तुम्ही अंगठा हलवला नाहीत."

"हलवला."

"कधी? पहिल्यांदा, की दुसऱ्यांदा?"

अण्णांनी छताकडे पाहिलं. "दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा कसा, अण्णा? पहिल्यांदा हलवला तर न्यायचं. दुसऱ्यांदा हलवला तर न्यायचं नाही."

"मला काय कळत नाही ते?" ते म्हणाले, आणि दमून त्यांनी डोळे मिटले.

मी खुर्चीवर बसले. खिडकी उघडी होती. बाहेर आवारात मोर ओरडत होता. मग माझं लक्ष सलाईनच्या स्टँडकडे गेलं. नळीच्या जोडापाशी ग्लुकोज पाझरत होतं आणि लाल मुंग्यांची एक रांग नळीवरून उतरत त्यांच्या मनगटाच्या चिकटपट्टीपर्यंत पोचली होती. मी सवयीने टेबलावरचा कागद उचलला, त्यांना त्यावर चढवून घ्यायला.

"मार," अण्णा म्हणाले. डोळे उघडे होते.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "चातुर्मास आहे, अण्णा."

"तो तिकडे." त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, बोट उत्तरेकडे, खिडकीकडे झालं आणि खाली पडलं. "इथे माझा कसला नेम? मार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी कागदाची कड मनगटाशी लावली. मुंग्या एकेक करून त्यावर चढल्या, थबकल्या, पुढे आल्या. मी त्या खिडकीशी नेल्या आणि बाहेर झटकल्या. पुन्हा आले, पुन्हा कागद लावला. अण्णा बघत होते.

"परत येतील त्या," ते म्हणाले.

"येऊ देत."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी कागद हातात धरून तिथेच उभी राहिले. नळीवर वरच्या बाजूने पुढची रांग उतरायला लागली होती.